अर्धी गोळी

अडकित्त्याने गोळीचे दोन तुकडे बरोबर झाले नाहीत. एक मोठा पडला, एक लहान, आणि थोडा भुगा पाट्यावर सांडला. पुतळीने बोट ओलं करून तो भुगा टिपला आणि मोठ्या तुकड्याला लावला. लहान तुकडा तिने बाटलीत परत टाकला, बूच दाबून बसवलं आणि बाटली शिंकाळ्यातल्या गाडग्यात ठेवून दिली. मग मोठा तुकडा तळहातावर घेऊन ती ओटीवर बसलेल्या नवऱ्याकडे गेली.

कान्हाने न बघताच हात पुढे केला. त्याची नजर समोरच्या डोंगरावर जमलेल्या ढगांवर होती. गोळी जिभेवर ठेवून त्याने मान वर केली आणि तांब्यातलं पाणी घोट घोट करत घेतलं. गळ्यावरचा आडवा व्रण ताणला गेला. एकदा तो थांबला, डोळे मिटले, पुन्हा एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. पुतळी तिथेच उभी होती. त्याने पुन्हा ढगांकडे पाहिलं. ती आत गेली आणि चुलीपुढे बसून राहिली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि नवऱ्यापासून काही लपवायची तिच्यावर ही पहिलीच वेळ आली होती.

कान्हा डाकवाला. पोशेऱ्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, डाकवालाच म्हणत. मोखाड्याहून टपालाची थैली पाठीवर घ्यायची, डोंगर उतरून, ओढे ओलांडून खोडाळ्याला पोचवायची, आणि दुसऱ्या दिवशी तिकडची थैली इकडे आणायची. बारा वर्षं त्याने हेच केलं. जव्हारचं राज्य होतं तेव्हाही केलं आणि सहा वर्षांपूर्वी राज्य मुंबई इलाख्यात विलीन झालं तेव्हाही केलं. छातीवरचा पितळी बिल्ला तेवढा बदलला. लोक विचारत, राजा गेला, आता कसं वाटतं? तो हसून म्हणे, थैलीचं वजन आहे तेवढंच आहे. वाटेवरच्या पाड्यांत कोणाला पत्रं येत नसत, पण बाया त्याची वाट बघत. खोडाळ्याच्या बाजारात तांदूळ काय भावाने आहे, कोणाच्या घरी पोर जन्मलं, कुठल्या ओढ्याला पाणी चढलं, हे सगळं तो चालता चालता ओरडून सांगत जाई. त्याचा आवाज एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर ऐकू येई.

गळ्यातली गाठ आधी आवळ्याएवढी होती. या डोंगरांत कितीतरी बायामाणसांच्या गळ्याला आवाळू असतं. ते घेऊनच माणसं जगतात, लावणी करतात, म्हातारी होतात. म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पण ही गाठ दगडासारखी टणक झाली आणि कान्हाचा आवाज फाटला, तेव्हा जव्हारच्या डॉक्टरांनी गळा दाबून पाहिला आणि मुंबईच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली. कान्हाचा चुलतभाऊ नवसू मुंबईत गोदामात हमाली करत होता. त्याच्या खोलीत पुतळी दीड महिना राहिली. पौषात ऑपरेशन झालं.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. गाठ वाईट होती, ती काढली, पण तिच्यासोबत गळ्यातली ग्रंथीसुद्धा काढावी लागली. अंगातली ऊब, चपळाई, सगळं त्या ग्रंथीच्या जोरावर चालतं. आता तिचं काम ही गोळी करणार. रोज सकाळी उपाशीपोटी एक, जन्मभर. पुतळीने धीर करून विचारलं, एखादा दिवस राहिली तर? डॉक्टर म्हणाले, "एकही दिवस चुकवायचा नाही, बाई. गोळी बंद झाली तर माणूस थंड पडत जाईल."

थंड पडणं म्हणजे काय, हे पुतळीला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिचा बाप थंड पडला होता, पहिला मुलगा तीन दिवसांचा असताना थंड पडला होता. तिने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं मनात बांधून घेतलं. एकही दिवस चुकवायचा नाही. पाच महिन्यांच्या दीडशे गोळ्यांची बाटली मिळाली. त्या संपण्याआधी पेशंटला पुन्हा दाखवायला आणा, असं बजावलं गेलं आणि पथ्याचा एक कागद हातात पडला.

तो कागद मोखाड्याच्या पोस्टमास्तरांनी वाचून दाखवला. सकाळ-संध्याकाळ दूध. रोज एक अंडं. मऊ भात, वरण, ताजी मासळी. तिखट नको, कोरडं काही नको. तंबाखू नाही, दारू नाही. उपास नाही. दुपारी विश्रांती. ओझं उचलायचं नाही. मास्तर शेवटच्या ओळीवर थांबले आणि त्यांनी चष्म्यावरून कान्हाकडे पाहिलं. कान्हा भिंतीला लावलेल्या थैलीकडे बघत होता.

पोशेऱ्यात गाईचं दूध वासरासाठी असे, माणसं पीत नसत. पुतळी माहेरी साखरशेतला गेली आणि भावाकडून दुभती शेळी घेऊन आली. पहिले आठ दिवस कान्हाला दूध प्यालं की ओकारी येई. नंतर तो नाक धरून पिऊ लागला. नागलीची भाकर त्याच्या गळ्याला ओरबाडायची, म्हणून नागलीचं पीठ वस्त्रगाळ करून त्याची पातळ पेज आणि घरात होता नव्हता तेवढ्या तांदळाचा गुरगुट्या भात त्याच्यासाठी वेगळ्या मडक्यात शिजू लागला. भाजलेला बोंबील आणि मिरचीचा ठेचा हा त्याचा जीव की प्राण. तो त्याने सोडला. तंबाखूची चंची त्याने स्वतः उचलून शेजाऱ्याला देऊन टाकली आणि रिकामा अडकित्ता तेवढा घरात राहिला. होळीला पाड्यावर मोहाची दारू फिरली, तेव्हा तो सगळ्यांत बसला आणि हातात आलेला पानाचा द्रोण पुढच्या माणसाकडे सरकवत राहिला. त्याच्या फाटक्या, घोगऱ्या आवाजाने गाता येत नव्हतं म्हणून त्याने नुसता ताल धरला.

अंड्याचं मात्र अवघड होतं. मंगळी दहा वर्षांची, तिला समजत होतं. ती बाप जेवायला बसला की मुद्दाम पाणी आणायला जाई. धाकटी ठकी पाच वर्षांची. ती समोर येऊन बसे आणि अंडं सोलताना बघत राही. मागत नसे, फक्त बघे. कान्हा पिवळा बलक पानाखाली सारून ठेवी आणि पुतळी वळली की ठकीच्या हातावर टेकवी. पुतळीला ते कळायचं. एकदा तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. ठकीने तोंडातला घास तसाच बाहेर काढून बापाच्या पानात ठेवला. त्यानंतर पुतळीने पोरीवर कधी हात उचलला नाही. पण अंडं ती स्वतःच्या हाताने कान्हाला भरवू लागली, शेवटचा तुकडा त्याच्या गळ्याखाली जाईपर्यंत समोर बसून.

आणि ओझ्याचं काय करायचं? नोकरीच ओझ्याची. पुतळीने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती त्याच्याबरोबर निघाली. मोखाड्याबाहेरचा चढ ओलांडला की ती थैली स्वतःच्या पाठीवर घ्यायची. खोडाळ्याच्या शिवेवर ती पुन्हा त्याच्या पाठीवर द्यायची. टपाल दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही असा नियम होता, तो दोघांनाही पाठ होता. वाटेवरच्या बायांनी ते पाहिलं आणि आपल्यापाशीच ठेवलं. पूर्वी तो बातम्या ओरडत जायचा, आता तो पुतळीच्या कानात सांगायचा आणि ती ओरडायची. सुरुवातीला तिला लाज वाटली. मग सवय झाली. फाल्गुन, चैत्र, वैशाख असे गेले. कान्हाच्या अंगात तेव्हा जीव होता. तो पुढे चाले आणि ती मागे, तरी तिला त्याची पावलं गाठायला पळावं लागे. त्या तीन महिन्यांत पुतळीला वाटू लागलं होतं की हे असंच चालेल.

ज्येष्ठ लागला आणि तिने गोळ्या मोजल्या. पंचावन्न. आषाढात संपणार. आषाढात ओढे भरतात, घाटात दरड येते, जव्हारची मोटार बंद होते. मास्तरांनी तिच्यासाठी इस्पितळाला पत्र लिहिलं, गोळ्या टपालाने पाठवाल का? उत्तर आलं, ते कान्हाच्याच थैलीतून आलं. पेशंटला तपासल्याशिवाय औषध देता येत नाही, लवकर घेऊन या. तोवर पहिला ओढा भरून वाहू लागला होता आणि रजाही उरली नव्हती. पुतळीने दिवस मोजले. दसऱ्यापर्यंत चार महिने आणि पंचेचाळीस गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही. मग तिने अडकित्ता घेतला.

पहिले पंधरा दिवस काही झालं नाही. तिला हायसं वाटलं. पुढे कान्हा कांबळं पांघरून बसू लागला. पावसाचा गारठा आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली. मग तो सकाळी उठेनासा झाला. हलवून जागं करावं लागे. बोलणं संथ झालं. एक शब्द बोलून दुसरा शोधायला त्याला वेळ लागे. कातडी कोरडी पडली, पापण्या सुजल्या, चेहरा फुगून गोल झाला. श्रावणात पाड्यावर सगळ्यांच्या कणग्या तळाला लागलेल्या, माणसं कंदमुळांवर दिवस काढत होती, आणि त्यांत हा एक गुबगुबीत तोंडाचा माणूस कांबळं पांघरून ओटीवर पेंगत बसलेला. शेजारची गोजाबाई पुतळीला म्हणाली, "दूध-अंडी बरी मानवली तुझ्या दादल्याला. साहेबासारखा दिसतो." तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. तिच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, एवढंच. पुतळीने तिला वाटीभर पेज दिली, आणि त्या दिवशी तेवढी कान्हाच्या वाटणीची कमी झाली.

चालणंही बदललं. आता पुतळी पुढे आणि तो मागे. दर चढाला तो बसायचा. खोडाळ्याला पोचायला उशीर होऊ लागला. एके दिवशी वाटेतल्या ओढ्याचं पाणी किती चढलंय ते बघायला ती पुढे उतरली. थैली तिने कान्हाच्या मांडीवर ठेवली होती आणि दोन्ही हातांनी धर म्हणून सांगितलं होतं. परत आली तेव्हा तो झाडाला टेकून झोपला होता, पाऊस त्याच्या उघड्या तोंडावर पडत होता, आणि थैली घसरून खालच्या चरात पाण्यात पडली होती.

जवळच सुकरी नावाच्या बाईचं खोपटं होतं. तिने चूल मोठी केली. तिघांनी मिळून एकेक पत्र उघडं न करता चुलीभोवती मांडलं. पोस्टकार्डांवरची शाई निळी होऊन ओघळली होती. सुकरीला वाचता येत नव्हतं, पुतळीलाही नाही. कान्हाला फक्त गावांची नावं ओळखता यायची. तो एकेक कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघत होता आणि परत ठेवत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "याच्यावर कायच उरला नाय." पुतळीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात उचलायचंही त्याला सुचत नव्हतं.

मोखाड्याचे मास्तर भला माणूस. ते रागावले नाहीत. वर तक्रार लिहिणार नाही म्हणाले, पण थैली आता देता येणार नाही. लक्ष्या म्हणून एक तरणा गडी आहे, उद्यापासून तो जाईल. कान्हाने मान डोलावली. छातीवरचा बिल्ला काढायला त्याने हात वर नेला. बोटं सुजली होती, टाचणी सुटेना. पुतळी पुढे झाली तशी त्याने तिला हाताने थांबवलं. मास्तर टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. बिल्ला निघायला बराच वेळ लागला. तो टेबलावर ठेवून कान्हा म्हणाला, "मास्तर, खोडाळ्याच्या वाटंला डावीकडचा साकव कुजलाय. लक्ष्याला सांगा."

त्या संध्याकाळी पुतळीने बाटली पालथी केली. पंधरा गोळ्या आणि दसऱ्याला साठ दिवस. तिने अर्धीची पाव केली.

पुढचे दिवस तिला नीट आठवतही नाहीत. कान्हा झोपायचा आणि ती त्याच्या नाकाशी हात धरून बघायची. अंग गार लागायचं. गळ्याच्या उजव्या बाजूला, व्रणाच्या वर, तिच्या बोटाला काहीतरी लागलं तेव्हा हळव्या भाताला लोंब्या आल्या होत्या. कडधान्याच्या दाण्याएवढं होतं. पंधरा दिवसांनी त्याच्या खाली दुसरं लागलं. तिने कोणाला सांगितलं नाही. दूध ती आता चमच्याने पाजत होती, अंडं दुधात कालवून देत होती. कागदात लिहिलेलं सगळं ती करत होती.

दसरा झाला, मोटार सुरू झाली, आणि दोघं मुंबईला गेली. नवसूने कान्हाला पाहिलं आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

डॉक्टर तेच होते. त्यांनी गळा चाचपला, पापणी उघडून पाहिली, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलायला उशीर झाला. त्यांनी पुन्हा मारली. मग त्यांनी विचारलं, गोळ्या रोज घेत होतात का? पुतळीने तोंड उघडलं, पण तिच्याआधी कान्हा बोलला. हळू बोलला, पण स्पष्ट.

"एक दिस चुकला नाय, सायेब."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले की या अशा गाठींची वाढ आटोक्यात राहावी म्हणूनही ती गोळी असते, पूर्ण गोळी. त्या घेऊनही गाठी आल्या म्हणजे आजार हट्टी आहे. छातीचा फोटो काढला, त्यातही आजार दिसला. पुन्हा चिरण्यात अर्थ नव्हता. त्यांनी गोळ्यांची नवी बाटली दिली. याने थोडी हुशारी येईल, म्हणाले. पुतळीने पथ्याचा जुना कागद पुढे केला, घडी पडून पडून चार तुकडे व्हायला आलेला. यात काही बदल करायचा का, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, वाचला नाही, आणि परत दिला.

"आता पथ्य नाही, बाई. त्यांना जे आवडेल ते द्या."

घोड्याच्या नालेसारख्या वळणाच्या जिन्यावरून उतरताना तिला कळलं की डॉक्टरांनी काय सांगितलं होतं. ती मधल्याच पायरीवर बसली. माणसं बाजूने वर-खाली करत होती. कान्हा तिच्या शेजारी, भिंतीला धरून, ती उठेपर्यंत उभा राहिला.

जव्हारला मोटार बदलून दोघं मोखाड्याला उतरली तेव्हा दुपार कलली होती. घराकडच्या पायवाटेला लागल्यावर पुतळीला राहवलं नाही. ती थांबली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी तुला आख्खी देत नव्हते. पावसाभर अर्धी दिली. मागून पाव."

कान्हा वाटेच्या कडेच्या दगडावर टेकला. श्वास जमवायला त्याला वेळ लागला.

"ठावं हाय," तो म्हणाला. "आख्खी गोळी गुळगुळीत जाते. मोडकी घशाला लागते. पयल्याच दिशी लागली."

"मग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तू आख्खी दिली असतीस. मग पावसातच सरल्या असत्या. मला पण तेच बरं वाटलं. तू केलंस ते मी पण केलं असतं."

ती रडली नाही. रडायला जोर लागतो, तो तिच्याकडे उरला नव्हता. तिने विचारलं, घरी गेल्यावर काय खाशील? त्याने जरा विचार केला. पूर्वी कितीतरी गोष्टींची नावं घेतली असती त्याने. आता म्हणाला, भूकच लागत नाही. पोरींना विचार, त्यांना काय पाहिजे ते कर.

मग तो दगडाला हात लावून उठला. तू हो पुढे, म्हणाला, मी येतो सावकाश. उतारावरची खाचरं कापून झाली होती, वाळत पसरलेल्या भाताच्या कडप्यांचा वास येत होता. पुतळी चालू लागली. वळणापाशी गेल्यावर तिच्या पायांना पुढे जावेना. ती थांबली, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. आपण बघतोय असं दिसलं तर तो घाई करील, म्हणून ती त्याच्याकडे पाठ करून, समोरच्या डोंगराकडे तोंड करून उभी राहिली आणि त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली. दोन पावलं ऐकू येत, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक.